बिनकागदी सोमवार

सोमवारी सकाळी सिस्टर केंद्रावर पोचल्या तेव्हा साडेसातसुद्धा वाजले नव्हते, आणि किल्ली कारकुनाकडे होती. मग त्या जिन्यातच उभ्या राहिल्या. खालच्या टायरच्या दुकानातल्या माणसाने मान वर करून विचारलं, "आज एवढ्या लवकर? कुणी मोठा साहेब येणारे का?"

"साहेब नाही हो. टॅबलेट. आजपासून चालू करायचीय."

त्याला वाटलं गोळीबद्दल चाललंय. "काळजी घ्या मग," तो म्हणाला आणि पुन्हा टायरमध्ये डोकं घालून बसला.

सिस्टर आता काही नर्स नव्हत्या. बारा वर्षं हॉस्पिटलात काढून त्या या केंद्रावर आल्या, त्यालाही अठरा वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. केंद्र म्हणजे बंदराच्या फाटकासमोरच्या दोन खोल्या आणि एक संडास. बंदरात क्रेन, ट्रक किंवा कुठलंही अवजड यंत्र चालवणाऱ्या प्रत्येकाने अधूनमधून इथे येऊन लघवीचा नमुना द्यायचा. नशा करून कुणी यंत्रावर चढू नये, म्हणून हा नियम. नमुन्यात कुणी नळाचं पाणी मिसळू नये म्हणून आतला नळ बंद, आणि कमोडच्या टाकीत निळा रंग. नमुना दोन बाटल्यांत भरायचा, सीलबंद करायचा, प्रयोगशाळेला पाठवायचा. त्याच्याबरोबर जायचा तो फॉर्म.

या फॉर्मने सिस्टरांचा जीव खाल्ला होता. एकाखाली एक पाच पानं, वरच्या पानावर पेन दाबून लिहायचं, खालच्या पानांवर आपोआप उमटायचं. पहिलं पान प्रयोगशाळेला, दुसरं निकाल तपासणाऱ्या डॉक्टरांना, तिसरं केंद्राला, चौथं कंपनीला आणि पाचवं नमुना देणाऱ्याला. पाचव्यापर्यंत पोचता पोचता अक्षर असं व्हायचं की जणू कागदावरून मुंगी चालून गेली. सिस्टर इतक्या दाबून लिहायच्या की घरी किराण्याची यादी लिहितानाही कागद फाटायचा. डॉक्टरांचे फोन यायचे: "हा तीन आहे की आठ? ही सही आहे की डाग?" पान टपालात अडकलं की निकाल अडकायचा, आणि निकाल अडकला की माणूस घरी बसायचा.

सहा वर्षं सिस्टर मुख्य कार्यालयाच्या मागे लागल्या होत्या, की फॉर्म कॉम्प्युटरवर घ्या. साहेब बदलत गेले, सिस्टरांचा अर्ज तोच राहिला. शेवटी गेल्या महिन्यात टॅबलेट आली, आणि सिस्टरांना झोप लागेना.

रविवारी दुपारी त्यांनी घरी रंगीत तालीम केली. नमुना देणारे म्हणून नवऱ्याला खुर्चीत बसवलं.

"नाव सांगा."

"अगं, तीस वर्षं झाली लग्नाला. आता नाव विचारतेस?"

"अहो, नियम आहे. ओळखपत्र दाखवा. खिसे रिकामे करा."

खिशातून एक बडीशेपेची पुडी, रुमाल आणि हरवला म्हणून ज्याची आठवडाभर शोधाशोध चालली होती तो कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा निघाला. सिस्टरांनी तिकडे एकदा डोळे वटारून पाहिलं आणि तालीम पुढे चालू ठेवली. कपातल्या चहाला तापमानाची पट्टी लावली. चहा गार झाला होता. "नमुना नामंजूर," सिस्टर म्हणाल्या. सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "नामंजूर काय, गरम करून दे त्याला."

पावणेआठला शंकासुर किल्ली घेऊन आला. हा केंद्राचा कारकून. वय चाळीस, अंगापिंडाने बारीक, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास नाही. त्याच्या हातात जुन्या फॉर्मांचा गठ्ठा होता.

"हे कशाला आणलेस?"

"असू द्यात जवळ. बॅटरी संपली तर? नेट गेलं तर? स्क्रीनवर पाणी सांडलं तर?"

"आणि तू तोंड बंद ठेवलंस तर?"

"ते होणं जरा कठीण आहे, सिस्टर."

नऊ वाजून दहा मिनिटांनी जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि पहिली नोंद दारात उभी राहिली. उंच, तिशीची बाई, पायांत जाड बूट, काखेत हेल्मेट, दम लागलेला. बंदरातली क्रेनवाली. सिस्टरांनी तिला लगेच ओळखलं.

दहा दिवसांपूर्वी याच बाईचा नमुना सिस्टरांनी घेतला होता. चार दिवसांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं: बाटलीवरचा क्रमांक आणि फॉर्मवरचा क्रमांक जुळत नाही, सबब नमुना रद्द. नमुना रद्द म्हणजे पुन्हा चाचणी होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. दोन महिन्यांत असे सात नमुने रद्द झाले होते. प्रत्येक वेळी सिस्टरांनी लेखी खुलासा दिला होता. एकाची स्टिकरं दुसऱ्याच्या बाटलीला लावलीत का, असं विचारलं होतं त्यांना. शेवटच्या खुलाशावर साहेबांनी शेरा मारला होता, "चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा." सिस्टरांनी तपासून घेतला. नंबर तोच होता.

"पुन्हा तपासणीची चिठ्ठी मला काल मिळाली," क्रेनवाली म्हणाली. "आणि आज चार वाजेपर्यंत माझा निकाल बंदरात नाही गेला तर संपलं सगळं."

"काय संपलं?"

"ती दिसतेय ना?" तिने खिडकीबाहेर बोट केलं. धक्क्यावर नवी क्रेन उभी होती, पिवळीधमक, पंधरा मजली, अजून एकदाही माल न उचललेली. "तिच्यावर चार जण घेणारेत. सहा महिने ट्रेनिंग केलंय मी. परीक्षेत दुसरी आले. आज चारला यादी बंद."

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. प्रयोगशाळेची मोटारसायकल पावणेअकराला नमुने न्यायला येते. पाऊण तास रस्ता, अडीच-तीन तास तपासणी. जमण्यासारखं होतं. कागदाच्या दिवसांत हे स्वप्नातसुद्धा जमलं नसतं, कारण डॉक्टरांचं पानच परवा पोचलं असतं.

"चला तर मग, या आत. ओळखपत्र द्या."

टॅबलेटने ओळखपत्राचा फोटो घेतला आणि नाव, नोकरीचा क्रमांक, जन्मतारीख सगळं स्वतःच भरलं. सिस्टर आ वासून बघत राहिल्या. ज्या कामाला त्यांना सहा मिनिटं आणि मनगटाची कळ लागायची, ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं. त्यांनी क्रेनवालीचे खिसे तपासले, हात धुवायला लावले, कप दिला. क्रेनवाली आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली. कप कोरडा.

"होत नाहीये," ती म्हणाली. "यायच्या आधी घरी जाऊन आले. सवयच आहे हो. क्रेनवर चढायच्या आधी जाऊनच चढतो आम्ही, वर कुठली सोय?"

शंकासुराने दारातून हळूच विचारलं, "यासाठी टॅबलेटमध्ये काही बटण आहे का?"

"पाणी आण," सिस्टर म्हणाल्या.

खरंच बटण होतं. 'नमुना देता आला नाही' असं लिहिलेलं. ते दाबल्यावर घड्याळ सुरू झालं आणि किती पाणी दिलं हे लिहायला रकाना उघडला. क्रेनवाली बाकावर बसून घोट घोट पाणी प्यायला लागली. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. तिचा एक पाय सारखा हलत होता.

"एक विचारू?" ती एकदम म्हणाली. "गेल्या वेळी घोळ कुणी घातला? तुम्हीच ना?"

शंकासुर कपाटातल्या रिकाम्या फायली मोजायला लागला.

"माहीत नाही मला," सिस्टर म्हणाल्या. "खरं सांगते. पहिलं पत्र आल्यापासून मी प्रत्येक नंबर ताडून बघतेय. तरी होतंय. अठरा वर्षांत नाही झालं ते दोन महिन्यांत सात वेळा झालं. कधीकधी वाटतं, झालंच असेल माझ्या हातून. वय झालं."

"बंदरात लोक काय बोलतात माहितीये? नमुना रद्द झाला म्हणजे नक्कीच काहीतरी सापडलं असणार, झाकतायत. माझा सख्खा भाऊ, तोसुद्धा घरी येऊन हळूच विचारून गेला, ताई, काही टेन्शन आहे का तुला म्हणून." तिचा आवाज चढला होता. क्रेनच्या केबिनमधून खालच्या माणसांना ओरडायची सवय, त्यामुळे दोन खोल्यांच्या केंद्रात तो भिंतींवर आपटत होता. "मी सिगरेटसुद्धा ओढत नाही हो!"

सिस्टरांनी ग्लास पुन्हा भरला.

दहा वाजून वीस मिनिटांनी क्रेनवाली ताडकन उठली. "द्या तो कप!"

या खेपेला कप भरून आला. सिस्टरांनी तापमान पाहिलं; चार मिनिटांच्या आत पाहावं लागतं. ठीक. टॅबलेटवर खूण केली. क्रेनवालीच्या डोळ्यांसमोर दोन बाटल्यांचं पाकीट फोडलं आणि स्टिकरांची पट्टी काढली. प्रत्येक पट्टीवर तीन स्टिकरं असतात, तिन्हींवर एकच बारा आकडी क्रमांक. पूर्वी एक फॉर्मला लावायचं आणि एकेक बाटलीला. आता कागदच राहिला नव्हता, म्हणून पहिलं स्टिकर टॅबलेटच्या कॅमेऱ्याला दाखवायचं, की नोंद त्याच क्रमांकाची होते. मग बाकीची दोन चिकटवण्याआधी एकेक करून दाखवायची.

पहिलं दाखवलं. टिंग. दुसरं दाखवलं. टिंग. तिसरं दाखवलं.

टॅबलेटने भलताच आवाज काढला आणि स्क्रीन लाल झाली. क्रमांक जुळत नाही.

"झालं!" शंकासुर म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? पहिल्याच दिवशी—"

"गप्प बस!" सिस्टरांनी पुन्हा दाखवलं. पुन्हा लाल. क्रेनवालीचा चेहरा उतरला. "काय झालं? मोडलं का?"

सिस्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी अगदी नाकाशी धरली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. पहिल्या स्टिकरवर सहावा आकडा तीन. दुसऱ्यावर तीन. तिसऱ्यावर आठ.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग पट्टी क्रेनवालीच्या हातात न देता तिच्यासमोर धरली. "तुम्ही वाचा. तुमचे डोळे तरुण आहेत."

क्रेनवालीने वाचलं. "आठ आहे. हा आठ आहे! एकाच पट्टीवर दोन नंबर?"

"छापतानाच चुकलंय," सिस्टर म्हणाल्या. "छापतानाच! मी ताडून बघायचे ते सुरुवातीचे चार आणि शेवटचे चार आकडे. मधला कोण बघतं? मीच नाही बघितला." त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या, कारण कप अजून टेबलावर होता आणि काम अर्धं होतं. "अरे, नवी पट्टी दे. आणि ती खराब पट्टी पाकिटात घाल, वर वेळ लिही. हात लावू नको नंबराला."

दुसऱ्या पट्टीने तीनदा टिंग केलं. त्या तीन टिंगांइतकं गोड सिस्टरांनी बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं. बाटल्या भरल्या, सीलबंद केल्या, क्रेनवालीने सीलवर आद्याक्षरं टाकली आणि स्क्रीनवर बोटाने सही केली. सिस्टरांनी 'पाठवा' दाबलं. क्रेनवालीच्या खिशातला मोबाइल तिथल्या तिथे वाजला. तिची प्रत आली होती. प्रत्येक अक्षर स्वच्छ, छापल्यासारखं. पुढच्या क्षणी टॅबलेटवर उमटलं: प्रयोगशाळेस फॉर्म मिळाला. डॉक्टरांस फॉर्म मिळाला.

"एवढ्यात?" क्रेनवाली म्हणाली.

"एवढ्यात," सिस्टर म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

मोटारसायकलवाला पावणेअकराच्या ठोक्याला आला. कधी नव्हे ते शंकासुर स्वतः बाटल्यांची पेटी घेऊन खाली धावला आणि त्याला बजावून आला, "सिग्नल पाळ, पण जरा घाईने पाळ."

मग सिस्टरांनी स्टिकरांचा अख्खा खोका टेबलावर ओतला. शंभराची पाकिटं. एकेक पट्टी तिघं मिळून तपासायला लागले. शंकासुर वाचायचा, क्रेनवाली ताडायची, सिस्टर लिहायच्या. घरी जाऊन करायचं काय, असं म्हणत क्रेनवाली थांबली होती. पहिल्या पाकिटात पाच पट्ट्या तशाच सापडल्या. दुसऱ्यात चार. सगळीकडे तिसरं स्टिकर, सहावा आकडा, तीनच्या जागी आठ.

सिस्टरांनी प्रयोगशाळेला फोन लावला. तिथल्या बाई त्यांना चांगल्याच ओळखत होत्या. रद्द नमुन्याची बातमी त्याच द्यायच्या, आणि त्यांच्या आवाजावरून वाटायचं की सिस्टरांनी त्यांची झोप मोडलीय.

"बाई, ते सात नमुने आहेत ना, रद्द झालेले. त्यांच्या बाटल्या ठेवल्यात ना तुम्ही?"

"ठेवाव्या लागतात. का?"

"एक काम करा. प्रत्येकाची दुसरी बाटली बघा. सहावा आकडा. मी ओळखून सांगते, आठ असणार. आणि फॉर्मवर तीन."

बाई म्हणाल्या, "थांबा. धरून ठेवा फोन." त्या गेल्या त्या चांगल्या दहा मिनिटांनी परत आल्या. मधल्या वेळात सिस्टरांनी फोन या कानाचा त्या कानाला चारदा केला.

"सिस्टर." आवाज एकदम वेगळा होता. "सातही बाटल्यांवर आठ आहे. फॉर्मवर तीन. आम्ही नुसतं 'जुळत नाही' लिहून सोडून देत होतो. कोणता आकडा, ते बघितलंच नाही कुणी. त्या पट्ट्यांचे फोटो पाठवता का मला? आत्ता?"

"आत्ता," सिस्टर म्हणाल्या. शंकासुराने फोटो काढून पाठवलेसुद्धा.

दुपारी केंद्रावर आणखी दोन ट्रकवाले आले. त्यांचे नमुने प्रत्येकी अकरा मिनिटांत झाले. क्रेनवालीने दोघांनाही, कुणी विचारलं नसताना, टॅबलेट कशी चालते ते समजावून सांगितलं. अडीच वाजले. ती बाकावरून खिडकीशी आणि खिडकीकडून बाकाशी येरझाऱ्या घालत होती. शंकासुर तिला म्हणाला, "काळजी करू नका, होईल." सिस्टरांनी त्याच्याकडे दोनदा वळून पाहिलं. अठरा वर्षांत त्याच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच निघाले होते.

तीनला दहा कमी असताना क्रेनवालीचा मोबाइल आणि टॅबलेट एकाच वेळी वाजले. निकाल आला होता. नशेचा अंश नाही. खाली डॉक्टरांची मोहोर, खाली वेळ, आणि एक ओळ: बंदर कार्यालयास प्रत रवाना.

क्रेनवालीने किंकाळी फोडली. खालच्या दुकानातला माणूस हातात पाना घेऊन वर धावत आला, कुणाला काय झालं म्हणून. तिने सिस्टरांना अशी मिठी मारली की सिस्टरांचे पाय जमिनीवरून सुटले. "सकाळी बोलले ते मनावर घेऊ नका हां!" ती म्हणाली आणि हेल्मेट डोक्यावर आदळून जिना उतरलीसुद्धा. खिडकीतून तिघांनी पाहिलं: ती रस्ता ओलांडून, फाटकावरच्या पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवून, मोठमोठ्या ढांगा टाकत कार्यालयाकडे चालली होती. पंधरा मिनिटांनी तिचा फोन आला. निकाल फाइलला लागला होता. यादीत चार नावं होती आणि त्यांतलं एक तिचं होतं.

सिस्टरांनी त्याच दिवशी साहेबांना अहवाल पाठवला. त्यात स्वतःची चूकही लिहिली, की मधले आकडे मी ताडले नव्हते. बुधवारी पत्र आलं. ठेवलेल्या बाटल्या तपासून झाल्या, कुणाच्याच नमुन्यात काही नव्हतं, सातही रद्दपत्रं मागे घेतली, स्टिकर पुरवणाऱ्याचा सगळा माल परत, आणि बाकीच्या केंद्रांनाही टॅबलेट देण्याचं ठरलं. कर्मचाऱ्यांचा किंवा नमुना घेणाऱ्याचा दोष नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. चष्म्याबद्दल काही नव्हतं. शेवटी एक सूचना होती: क्रेनवालीची तपासणी झालेलीच आहे, उरलेल्या सहा जणांना केंद्राने फोन करून कळवावं.

"मी करू का फोन?" शंकासुराने विचारलं.

"मी करते," सिस्टर म्हणाल्या.

पहिल्या पाचांपैकी दोघं ओरडले, एक हसला, एकाने शिव्या घातल्या आणि मग माफी मागितली, एक म्हणाला, "मला वाटलंच होतं." सहावा नंबर गोदामात ट्रॉली-ट्रक चालवणाऱ्या एका माणसाचा होता. पन्नाशीचा, अबोल. नमुना देताना 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे बोलला नव्हता. पुन्हा तपासणीची चिठ्ठी अजून न आल्याने दीड महिना त्याला यंत्रावरून उतरवून खोकी मोजायला बसवलं होतं.

सिस्टरांनी सगळं सांगितलं. छपाई चुकली होती. तुमच्यात काही नव्हतं. उद्यापासून तुम्ही तुमच्या गाडीवर.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि तो कुणाला तरी हाक मारत असल्याचा. आत कुठेतरी वाहणारा नळ बंद झाला.

"सिस्टर," तो म्हणाला, "आता फोन स्पीकरवर लावलाय. जरा परत सांगा. पहिल्यापासून. ही ऐकतेय."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.